सगुणाच्या बेटावरचा अंधार

डोंगराआडच्या एका लहानशा गावात एक कासार राहत होता. पंचक्रोशीतल्या झाडून साऱ्या बायका त्याच्याकडे बांगड्या भरायला येत. बांगडी चढवताना तो अशा काही गप्पा मारी, की हात दुखतोय हे बाईच्या लक्षातच येत नसे. बोलण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. असा हा बोलका माणूस वर्षातली एक रात्र मात्र तोंडाला कुलूप लावून बसे.

ती रात्र मचव्यातली.

दिवाळी उलटली, की कासार खांद्याला पिशवी अडकवी, घाट उतरे आणि दोन दिवस चालून बंदरावर पोचे. तिथे समुद्र जमिनीत आत शिरून ऐसपैस पसरला होता, आणि त्यात लहानमोठी छत्तीस बेटं होती. दिवेलागणीला बंदरातून एक मोठा मचवा सुटे, रात्रभर त्या बेटांमधून फिरे आणि उजाडता उजाडता पुन्हा बंदराला लागे. ही फेरी करायला लांबलांबून लोक येत. बरोबर दशम्या, लसणाची चटणी, उकडलेल्या शेंगा आणत आणि डोळे मोठे करून बघत बसत.

बघण्यासारखं होतंही. एका बेटावर माणूस नावाला नव्हता, पण बगळे इतके, की झाडांची पानं दिसत नसत. एका बेटाच्या पोटात गुहा होती आणि तिच्यात पाणी शिरलं, की जात्याची घरघर ऐकू येई. एका बेटावर खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचा झरा होता. तिथे मचवा थांबे आणि सगळे ओंजळीने पाणी पीत. वल्हं पाण्यात बुडालं की पाणी निळसर चमके, आणि मोठी माणसंसुद्धा लहान पोरांसारखी पाण्यात हात घालून बसत.

कासाराला यातलं काही दिसत नसे. तो मचव्याच्या डाव्या कडेला बसून शेवटून दुसऱ्या बेटाची वाट बघे. त्या बेटावर त्याची बहीण राहत होती. तिचं नाव सगुणा. अशा गोष्टींमधल्या माणसांना एरवी नावं नसतात. पण हिचं नाव सांगायलाच हवं, कारण तेवढं एक नाव कासाराच्या घशात नऊ वर्षं अडकून बसलं होतं.

झालं होतं असं. सगुणाला त्या बेटावर दिली, तेव्हा कासाराने तिला वचन दिलं होतं, की दर दिवाळीला मी स्वतः तुला माहेरी न्यायला येईन. दोन वर्षं तो गेलाही. तिसऱ्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या गावी मोठा बाजार भरला. बांगड्या भरायला बायकांची रीघ लागली. कासार म्हणाला, उद्या निघू. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. इकडे सगुणा गाठोडं बांधून बेटाच्या धक्क्यावर बसली होती. एक नाही, दोन नाही, तीन दिवस बसली. सासरची माणसं हसली असतील, नसतील, पण चौथ्या दिवशी ती उठून घरात गेली आणि मिठाच्या व्यापाऱ्याबरोबर तिने निरोप धाडला, “दादाला म्हणावं, आता येऊ नकोस.”

निरोप पोचला, तेव्हा कासार निघण्याच्या तयारीत होता. वहाणा पायात होत्या. त्याने त्या काढून ठेवल्या.

आता कासाराच्या गावची एक रीत सांगायला हवी. तिथे कोणी रुसलं, तर त्याची समजूत घालायला जायचं नाही. राग निवला, की रुसलेला माणूस आपण होऊन उंबऱ्यावर दिवा ठेवी. दिवा दिसला, की दुसऱ्याने खुशाल आत यायचं, कोणी काही विचारायचं नाही. भारी सोयीची रीत. भावाभावांचे तंटे दोन दिवसांत मिटत. जावाजावांचे महिनाभर चालत, पण मिटत.

म्हणून कासार दर वर्षी बघायला जाई, की सगुणाच्या काठावर दिवा लागलाय का. आणि दर वर्षी तो काठ काळाकुट्ट असे. माडांचे शेंडे तेवढे आभाळावर दिसत. मचवा पुढे जाई, आणि कासार स्वतःशी म्हणे, “अजून रागावली आहे.” मग तोंडावरून घोंगडी ओढून घेई.

एखादी होडी करून तो सरळ तिच्या दारात का गेला नाही, असं तुम्ही विचाराल. त्याला तेवढी छाती नव्हती. ‘येऊ नकोस म्हटलं होतं ना?’ हे तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा लांबून अंधार बघितलेला त्याला परवडे. गावात विचारलं तर म्हणे, मी मानी माणूस आहे. भित्रा आहे असं कोण सांगतो?

मचव्यातले बाकीचे लोक मात्र हाका मारत. ज्याचं माणूस एखाद्या बेटावर असेल, तो बेट जवळ आलं की त्याचं नाव घेऊन ओरडे. मग काठावर सुक्या झावळ्यांची चूड पेटे, तांडेल मचवा उभा करी, आणि फराळाचे डबे इकडून तिकडे जात. कासार हे दर वर्षी बघे आणि मनात म्हणे, यांचं बरं आहे, यांच्यात भांडण नाही.

दहाव्या वर्षी मचवा सुटला, तेव्हा तांडेल मोठ्याने म्हणाला, “बाबांनो, शेवटच्या दोन बेटांमधली वाट नीट बघून घ्या. तिथे गाळ भरत चाललाय. पुढल्या सालापासून मचवा बाहेरून जाईल, त्या बाजूला फिरकणार नाही.”

कासाराला वर्षाकाठी एकदा दिसणारा तो अंधारही आता दिसणार नव्हता.

गोड्या पाण्याच्या बेटावर एक म्हातारी मचव्यात चढली. बंदरावर पणतवंडाचं बारसं होतं, तिकडे निघाली होती. कासाराशेजारी जागा मिळाली तशी ती बसली आणि बसल्या बसल्या चौकशीला लागली.

“काय रे, सगळे त्या चमकत्या पाण्याकडे बघतायत, तू एकटाच इकडे काय बघतोस?”

“पुढे बहिणीचं बेट आहे.”

“मग तोंड एवढंसं का केलंयस? हाक मार, भेट. भाऊ आल्याचं कोणाला नको असतं?”

कोण कुठली म्हातारी. पण कासाराने नऊ वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते तिला सगळं सांगितलं. धक्का, गाठोडं, निरोप, काहीच ठेवलं नाही. शेवटी म्हणाला, “दर वर्षी येतो, आजी. एकदाही तिने दिवा लावला नाही.”

म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला.

“दिवा? अरे शहाण्या, ती दिवा लावील कशी? मचवा बंदरातून सुटला, की आमच्या एकाही बेटावर काठाला दिवा लावत नाहीत. काठावरून हाकसुद्धा मारत नाहीत. तांडेल बंदराच्या एका दिव्यावर मचवा हाकतो. माझ्या आजीच्या वेळी एका पोरीने, बाप येणार म्हणून, काठावर पणत्या मांडल्या. तांडेलाला वाटलं, बंदर आलं. मचवा खडकावर गेला, तिच्या बापासकट. तेव्हापासून जमिनीवरच्याने अंधारात गप्प उभं राहायचं. मचव्यातल्याने नाव घेतलं, की मग चूड पेटवायची. त्याआधी नाही.”

कासार तिच्याकडे वळला. “म्हणजे ती काठावर असेल?”

“असेल, नाहीतर नसेलही. मी काय तिच्या घरी राहते? हाक मारल्याशिवाय कळायचं कसं?”

“पण येऊ नकोस म्हणाली होती ती.”

“तीन दिवस धक्क्यावर बसून राहिलेली बाई दुसरं काय म्हणेल? ये म्हणायचं होतं, म्हणून तर तीन दिवस बसली ना!”

एवढ्यात तांडेलाने आवाज दिला, “काळा खडक येतोय. कोणाची हाक असेल तर खडक यायच्या आत मारा. खडक ओलांडला की पाणी ओढून नेतं, मग मचवा माझ्या हातात नाही.”

डावीकडे सगुणाचं बेट सरकत आलं. नेहमीसारखंच काळं.

कासाराने तोंड उघडलं. आवाज फुटेना. दिवसभर बडबड करणारा माणूस, पण एवढंसं नाव त्याच्या ओठांवर येईना. आजवर अंधार बघून परत जाताना, पुढल्या वर्षी दिवा दिसेल, एवढी आशा तरी बरोबर यायची. आज हाक मारली आणि तरीही अंधारच राहिला, तर? मग काय घेऊन घरी जायचं? आणि मचव्यातली ही चाळीस माणसं ऐकतील, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाने हाक मारली आणि त्याला कोणी ओ दिली नाही. बहिणीची इतकी आठवण त्याला आजवर आली नव्हती, आणि तिची इतकी भीतीही वाटली नव्हती.

खडक आला. खडक बाजूने गेला. म्हातारीने मान फिरवली.

आणि मग कासार उठून उभा राहिला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, “सगुणेऽऽ!”

हाक पुरती संपलीही नव्हती, तोच काठावर चूड पेटली. ज्यांनी कधी चूड पेटवली आहे त्यांना ठाऊक आहे, ती अशी झटकन पेटत नाही. निखारा हातात धरून, फुंकर घालत कोणीतरी आधीपासून उभं असावं लागतं.

“दादाऽऽ!”

“थांबवा!” कासार ओरडला. तांडेल सुकाण्यावर सगळा भार टाकून रेलला, आणखी दोघे धावले; पण पाणी मचव्याला ओढत होतं. “नाही वळत रे बाबा,” तांडेल म्हणाला. “जरा आधी ओरडला असतास तर!”

चूड काठाने धावायला लागली. मचव्याच्या बरोबरीने, खडकांवरून, खाचखळग्यांतून. धापा टाकत सगुणाने विचारलं, “दादा, जेवलास काऽऽ?”

नऊ वर्षांत कासाराने मनात काय काय उत्तरं तयार केली होती! त्यातलं एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तो फक्त “नाहीऽऽ!” एवढं म्हणाला आणि हमसून रडायला लागला.

तेवढ्यात मोठ्या चुडीच्या मागे दोन लहान चुडी पेटल्या, आणि दोन बारीक आवाज आले, “मामाऽऽ! मामाऽऽ!”

मचव्यात कोणाचा मामा आहे, म्हणून कासाराने मागे वळून पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

मग जमीन संपली. तीन उजेड बेटाच्या टोकावर उभे राहिले, लहान होत गेले आणि दिसेनासे झाले.

उजाडल्यावर मचवा बंदराला लागला. कासार घाटाच्या वाटेकडे वळला नाही. एका कोळ्याची विनवणी करून त्याची होडी ठरवली, भरती लागेपर्यंत काठावर येरझारा घातल्या आणि दुपारी बहिणीच्या दारात जाऊन उभा राहिला. सगुणाच्या केसांत पांढरी बट आली होती. ‘का आलास’ असं तिने विचारलं नाही. पाटपाणी केलं आणि नाचणीची भाकरी वाढली.

भाकरी मोडता मोडता कासार म्हणाला, “मी दिवा शोधायचो गं.”

“आलास तर दिवाच शोधशील, हे का मला ठाऊक नव्हतं?” सगुणा म्हणाली. “त्या गावात मीही वाढले, दादा. पण दिवा लावला असता, तर खडकावर तूच गेला असतास.”

“मी मचव्यात असेन हे तुला माहीत होतं?”

“कुठून माहीत असणार? तू नसलास तरी काय? बंदरात तुमच्या बाजूची माणसं चढतात, मचवा तुमच्या दिशेकडून तर येतो. तेवढं बघायला जायचे.”

शेजारी सगुणाची दोन मुलं मामाला निरखत बसली होती. थोरला आठ वर्षांचा होता. मामाच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याने विचारलं, “मामा, तू दर वर्षी त्या मचव्यात असायचास?”

“हो रे बाळा. दर वर्षी.”

“आम्हीपण दर वर्षी काठावर असायचो,” मुलगा म्हणाला.

तात्पर्य: समोर अंधार दिसला, म्हणून तिथे राग आहे असं धरून चालू नये. आपल्या माणसाचं नाव घेऊन हाक मारावी, आणि खडक ओलांडायच्या आत मारावी.