सर्व्हरच्या खोलीतली वही

एका तालुक्याच्या दूध संघाचा सगळा कारभार लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या सर्व्हरवर चाले. एके दिवशी संघाला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचे मॅनेजर मेहेंदळे आले आणि खुर्चीत रेलून म्हणाले, “एक तारखेपासून लिनक्सवाल्यांना आमचा सपोर्ट बंद. आमचे नवे सर्व्हर घ्या. आमच्या माणसांशिवाय तुमचा संघ आठ दिवससुद्धा चालायचा नाही.”

संघाच्या चेअरमननी मेहेंदळ्यांनी आणलेला करार पुढे ओढला. त्यांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.

“साहेब, आधी ही वही बघा,” संघाचा सर्व्हर सांभाळणाऱ्या वत्सलाबाई टिपुगडे म्हणाल्या.

सर्व्हरच्या खोलीत जो जाईल त्याने वहीत तारीख आणि काम लिहायचं, असा संघाचा नियम होता. बिघाड काढल्याच्या पानोपानी नोंदी होत्या आणि त्यांखाली सही वत्सलाबाईंची. कंपनीच्या माणसांच्या नोंदी नऊ वर्षांत नऊच, त्याही सगळ्या खंडेनवमीच्या. त्या दिवशी संघात यंत्रांची पूजा होई. कामाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘पूजेस हजर. प्रसाद घेतला.’

चेअरमननी टोपण परत लावलं.

वत्सलाबाई मेहेंदळ्यांना म्हणाल्या, “सपोर्ट खुशाल बंद करा, साहेब. प्रसादाला मात्र येत चला.”