गव्याने ओढलेल्या गाड्या

नव्या रस्त्याच्या अकराव्या वर्षी, शिशिर ऋतूत, माघाच्या वद्य पक्षात, त्या मुलखात घरोघर गाडी होती, आणि ती गाडी खिंडीच्या चढावर बंद पडत असे.

सगळ्या गाड्या एकाच कारखान्यातून आलेल्या. इंजिन सगळ्यांचे एकच. सपाटीवर ते उत्तम चाले. चढाच्या मध्यावर एक मोठे वळण होते. तिथे पोहोचेपर्यंत इंजिन तापे आणि एकाएकी गप्प होई. ते गेले की ब्रेक दगडासारखा कडक होई, दाबला तरी लागत नसे. गाडी मागे सरकू लागे. मागे दरी होती.

खिंडीच्या पायथ्याशी गवा राहत असे. मुलखातली पहिली गाडी त्याने आणली होती, आणि बाकीच्यांनी ती त्याच्या शब्दावर घेतली होती. वळणावरून हाक आली की तो हातातले काम टाकून चढ चढे, दोर खांद्यावर घेई आणि अडलेली गाडी माथ्यावर नेऊन ठेवी. त्याबद्दल त्याने कधी कोणाकडून काही घेतले नाही. कोणाला ओढले हेही ध्यानात ठेवले नाही. केलेली मदत ध्यानात ठेवणे त्याला हलकेपणाचे वाटे.

मुलखाची रीत मात्र ती ध्यानात ठेवत असे. ज्याला ओढले, तो ओढणाऱ्याच्या ऋणात. ते एकाच तऱ्हेने फिटे. ओढणाऱ्याची गाडी अडेल तेव्हा दोराला हात घालायचा, ‘माझी फेड’ म्हणायचे आणि ओढायचे. तोवर भरसभेत त्याच्या शब्दाविरुद्ध बोलायचे नाही. रीत जुनी होती. तिच्यामुळे भांडणे कमी होत, म्हणून तिला कोणी नावे ठेवत नसे.

गव्याची गाडी कधी अडली नव्हती. त्याचे घर पायथ्याला, शेत पायथ्याला, बाजारही पायथ्याला. चढावर तो जाई तो पायी, दुसऱ्याची गाडी ओढायला.

आळीतली पिल्ले खिंडीपलीकडच्या शाळेत नेण्याचे काम सायाळ करीत असे. शाळा दुपारची होती. एका दुपारी भर उन्हात तिची गाडी वळणावर गप्प झाली. ती मागे सरकली, सरकत राहिली, आणि मागचे एक चाक कडेच्या बाहेर जाऊन खडकाला टेकले. पिल्लांपैकी एकही ओरडले नाही. सायाळ त्या शांततेलाच जास्त घाबरली.

गवा आला. त्याने गाडी ओढून माथ्यावर नेली, घाम पुसला आणि म्हणाला, "बाई, क्लच दमानं सोडत जा."

"हो," सायाळ म्हणाली.

त्या दिवसापासून चढ लागला की ती पिल्लांना गाडीची दारे उघडी धरून बसायला सांगे. का, ते तिने सांगितले नाही. पिल्लांनीही विचारले नाही.

मग सशाची गाडी दरीत गेली. ससाही गेला. त्याला पूर्वी कोणी ओढले नव्हते. कोणाच्याही ऋणात नसलेला आणि वळण माहीत झालेला तो एकटाच होता, पण ते माहीत झाल्यावर तो उरला नाही.

गव्याच्या अंगणात मालकांची सभा भरली. खोट आहे असे सभेने म्हटले, तर कारखान्याला सगळ्या गाड्या परत बोलावून इंजिने दुरुस्त करून द्यावी लागत. सभेला यायचे ते आपल्या गाडीतून. पायी आलेल्याला मालक म्हणून बसता येत नसे.

गवा उभा राहिला. तो सचोटीचा होता, आणि सचोटीच्या माणसासारखा आधी आपला शब्द देऊन मोकळा झाला.

"या गाडीत खोट नाही असं मी म्हणतो. माझ्या शब्दावर तुम्ही ती घेतलीत. आता कोणाची खिंडीत अडली असेल, तर त्यानं सांगावं. मी स्वतः कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहीन."

कोणी बोलले नाही.

घोरपडीने सायाळीला हळूच ढोसले. "बोल की."

"तू बोल. तुलाही ओढलंय."

"मला दोनदा."

"मग दोनदा गप्प बस."

शेवटी बगळा बोलला. तो तळ्याकाठी राही, खिंड त्याने लांबून पाहिली होती. गाडी तो रोज धुई. "सशाला मुळात घाई फार. त्याला बैठ्या दगडावर बसवला असता तरी तो दरीत गेला असता," तो म्हणाला. काही जण हसले. "आणि गाड्या परत गेल्या तर तोवर पायी हिंडायचं. परत आल्या तरी खोट असलेल्या म्हणूनच ओळखल्या जाणार. मग विकायला काढली तर दारात कोण उभं राहील?"

हे पुष्कळांना पटले. पटायला हवेच होते, कारण त्यामुळे गप्प बसण्याला एक कारण मिळत होते. खोट नाही असे ठरले. पुढच्या सभेत ते पुन्हा वाचले की पक्के होणार होते.

तेव्हा सायाळ उठली.

"पुढची सभा माझ्याकडे," ती म्हणाली.

"बाई, तुझ्या अंगणात चार गाड्या मावायच्या नाहीत," गवा म्हणाला.

"शाळेपाशी घेऊ. माथ्यावरच्या माळावर."

यात गव्याच्या शब्दाविरुद्ध काही नव्हते. बगळ्याने मान वर केली. "इतक्या वर कशाला? चढ केवढा आहे."

बगळ्याचे सायाळ काही देणे लागत नव्हती. "चढाला काय झालं, बगळेबुवा?" ती म्हणाली. "गाडी चांगली आहे ना? तुम्हीच म्हणालात आत्ता."

"येऊ आम्ही," गवा म्हणाला. पुढची सभा माळावर ठरली.

त्यानंतर सायाळीला झोप लागेना. दरीच्या कडेला टेकलेले चाक तिला दिसे, आणि आता त्या गाडीत गवा दिसे. त्याने तिच्या गाडीतली पिल्ले वाचवली होती. सभेच्या आदल्या सकाळी ती त्याच्या घरी गेली. घरात बोलायला रीतीची आडकाठी नव्हती.

"गवेराव, वळणावर गाडी अडते. उद्या येऊ नका."

"कोणाची अडते?"

"माझी अडली होती. तुम्हीच ओढलीत."

गवा आठवू लागला. त्याला खरोखर आठवले नाही. "असेल. म्हणजे तुझी अडली. आणखी कोणाची?"

"विचारा त्यांना."

"विचारलं की भरसभेत. एकाच्या तोंडून शब्द आला नाही. एक तुझी अडली म्हणून सगळ्या मुलखाच्या गाड्या परत बोलवू?"

"निदान पहाटे तरी निघा."

"का? चोरासारखा का जाऊ? ऊन वर आल्यावर येईन, सगळ्यांसमोर." मग त्याचा स्वर खाली आला. "तू माझ्यासाठी कशाला घाबरतेस, बाई?"

"घाबरते," सायाळ म्हणाली, आणि निघून गेली.

सभेच्या दिवशी बगळ्याने प्रकृती बरी नसल्याचा निरोप धाडला. बाकीच्या मालकांनी पहाटेच गाड्या माथ्यावर नेऊन ठेवल्या. गार हवेत इंजिन तापत नसे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. कोणी कोणाला सांगितलेले नव्हते. मग ते एकेक करून वळणापर्यंत चालत उतरले. प्रत्येकाच्या हातात चाकामागे लावायला एक दगड होता. दुसऱ्याच्या हातातला दगड पाहून प्रत्येक जण नजर वळवी.

ऊन वर आल्यावर खालून गव्याची गाडी निघाली. आवाज चांगला येत होता. वळणाच्या अलीकडे तो जड झाला. वळणावर तो थांबला.

गाडी क्षणभर जागेवर राहिली, मग मागे सरकू लागली. गव्याने सगळ्या बळाने ब्रेक दाबला. ज्या पायाने त्याने कैक गाड्या वर ओढताना जमीन रेटली होती, त्या पायाखाली तो ब्रेक हलला नाही.

सायाळ आधी धावली. तिने दगड मागच्या चाकाखाली लोटला, तो निसटला, तसे तिने पाठ लावली. तिचे काटे मोडल्याचा आवाज आला. घोरपडीने दुसरा दगड घातला, मग तिसरा आला, मग चहूकडून दगड आले. कडेपासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

गवा दार उघडून उतरू लागला, स्वतःच ओढायच्या बेताने.

"बसा, गवेराव," सायाळ धापा टाकत म्हणाली. "चाक सांभाळा."

तिने दोर पुढे बांधला आणि खांद्यावर घेतला. "माझी फेड."

"माझी फेड," घोरपड म्हणाली. जरा थांबून ती पुन्हा म्हणाली, "माझी फेड."

रानडुक्कर पुढे झाले. "माझी फेड." मग तरस. मग भेकर, त्याच्यामागे त्याचा भाऊ. मग जुने शेजारी, ज्यांच्याशी गवा रोज बोलत असे. दोर पुरेना. त्याला दुसरा जोडला, आणि तोही भरला. गवा काचेतून बघत राहिला. दोर वळणापलीकडे जाऊन दिसेनासा झाला होता, आणि तिकडून, न दिसणाऱ्या तोंडांतून, अजून तेच दोन शब्द येत होते.

गाडी हलली. गव्याने चाक सरळ धरले.

माथ्यावर सायाळीने दोराची गाठ सोडली. ऋण फिटले.