हात वर गेला की बाजार थांबतो

या गिरणीत जुन्या वस्तू बघत खुशाल फिरा, हवं ते हाताळा, भावासाठी घासाघीस करा. फक्त हात वर करून दोन बोटं कात्रीसारखी उघडू नका. तसं कुणी केलं की बाजारातले सगळे सौदे जागच्या जागी थांबतात. नव्या माणसाला वाटतं, धाड पडली.

ही खूण मूळची साळखात्यातली, म्हणजे जिथे कापड विणलं जाई तिथली. तिथे मागाला साचा म्हणत, आणि साचे धडधडू लागले की शेजारच्याची हाक ऐकू येत नसे. म्हणून कामगार हातांनी बोलत. दोन बोटं उघडली की समजायचं, धागा तुटला. खूण दिसताच आधी साचा थांबवायचा, चौकशी मागाहून. मी स्वतः रंगखात्यातला, तेव्हा पुढचं ऐकीव सांगतो; आणि ऐकलेलं कमी करून सांगायची मला सवय नाही.

गिरणी बंद पडल्यावर तिच्यात ही दुकानं निघाली. पहिलं नरसय्या साचेवाल्याचं. त्याच्याकडे म्हणे साळखात्यातल्याच तुळशीराम नावाच्या कामगाराने घरचा शिसवी पाळणा विकला. नुसती अडगळ, असं त्याला वाटलं. बायकोला न विचारता पाळणा विकणारा माणूस शूर की बावळट, हे तुम्हीच ठरवा. पण त्याचाही सगळा दोष नव्हता. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्यांच्या लेकीला दिवस गेले होते, आणि दृष्ट लागू नये म्हणून मायलेकींनी पोटातली गोष्ट पोटातच ठेवली होती. त्याची बायको हौसाबाई लेकीला बाळंतपणाला घेऊन घरी आली, तर पाळण्याचं आढ्याचं कडं रिकामं.

पाळणा कुठे गेला ते नवऱ्याकडून वदवून ती तशीच गिरणीकडे धावली. इकडे नरसय्याने गुंजाळशेठ नावाच्या हॉटेलमालकाला पान दिलेलं. पान दिलं म्हणजे शब्द दिला, आणि नरसय्याचा शब्द कधी फिरला नव्हता. शेठला पाळण्यात फुलझाडं लावायची होती. हमाल दोरी बांधत होते. हौसाबाई दारात पोचली खरी, पण धापेने तोंडातून आवाज फुटेना. नवऱ्याची खूण तिला ठाऊक होती; तिचा हात वर गेला, दोन बोटं उघडली.

नरसय्याचा हात थांबला. त्यासरशी दुकानादुकानांतले जुने कामगार थांबले. कुणाचा तराजू अधांतरी राहिला, कुणाची फुंकर समईपाशी. असं सांगतात की भिंतीवरची विकाऊ घड्याळंसुद्धा थांबली. ती आधीपासून बंदच होती असं माझी बायको म्हणते. तिचं मनावर घेऊ नका.

शेठने विचारलं, हे काय चाललंय? दम खाऊन हौसाबाई म्हणाली, "चालू साच्यावर धागा सांधत न्हाई, शेठ. आधी थांबवायचं, मग बोलायचं. माझी लेक ह्याच पाळण्यात वाढली. आता तिचं लेकरू यायलंय. झाडं काय, कुंडीतबी वाढत्यात."

नरसय्याचा जीव कात्रीत सापडला. बाई खरी, पण दिलेला शब्दही खराच. तेव्हा गुंजाळशेठ हसले आणि त्यांनी स्वतः दोरी सोडली. अट एकच घातली, बारशाचं बोलावणं आलं पाहिजे. ते आलं, आणि पाळण्याला पहिला झोका म्हणे शेठनेच दिला. तुळशीराम तेव्हा बायकोच्या नजरेआड, पंगतीला पाणी वाढत होता.

त्याच पंगतीत नरसय्याने सर्वांसमक्ष शपथ घेतली: यापुढे या गिरणीत पान दिलं तरी चारी बाजूंना बघितल्याशिवाय सौदा पक्का म्हणायचा नाही.

आजही इथला दुकानदार पान देऊन आधी मान फिरवून बघतो. हात वर दिसला तर त्या माणसाचं सगळं ऐकून घेतात, आणि वस्तू ठेवायची की द्यायची हे घेणाऱ्यावर सोडतात. जबरदस्ती कुणी करत नाही. ताई, तो लामणदिवा तेवढा जरा खाली ठेवा. दाराशी त्या आजींनी हात वर केलाय.