घोटा आणि चेंडू

एका संस्थानात राणीसाहेबांना टेनिसचं भारी वेड. सामन्याला पंच म्हणून उंच खुर्चीवर बसायचे दिवाण त्र्यंबकराव. त्यांनी नियमच काढला होता, "बायकांनी मडमेसारखा पायघोळ घागरा घालूनच खेळायचं. घोटा दिसला की बाद!" गेल्या साली चिमाताई नावाची एक खेळाडू त्याच घागऱ्यात गुरफटली, मासळीसारखी जाळीत अडकली आणि हातचा डाव घालवून बसली.

यंदा ती आली ती नऊवारीचा कासोटा घट्ट मारून, पदर कमरेला खोचून. घोटे झाकलेले होते, म्हणून दिवाणांनीही खेळू दिलं. पळाली म्हणजे काय, दावणीचं वासरू सुटलं जणू! शेवटच्या खेळीला तिनं चेंडू असा हाणला, की समोरची बाई नुसती बघत राहिली. तेवढ्यात दिवाण ओरडले, "थांबा! घोटा दिसला! चिमाताई बाद!"

चिमाताई हात जोडून म्हणाली, "दिसला असेल हो दिवाणसाहेब. तुम्ही कशाला खोटं बोलाल? फक्त माझा चेंडू रेघेच्या आत पडला का बाहेर, तेवढं सांगा."

दिवाण इकडे बघतात, तिकडे बघतात. "आत... म्हणजे बाहेर... अगं, माझं लक्ष..."

"कुठं होतं?" राणीसाहेबांनी विचारलं.

दिवाणांच्या मिशाच उतरल्या. समोरची बाई हसून म्हणाली, "आत पडला, मी पाहिला ना!"

राणीसाहेबांनी नियम तिथंच मोडीत काढला आणि चषक चिमाताईच्या हातात दिला. पुढल्या सालापासून बायका हवं ते घालून खेळल्या. दिवाणसाहेब मात्र टांग्याच्या घोड्याची झापडं लावून खुर्चीवर बसले. हुकूमच होता तसा!