थोरल्या कोंबडीचा पहारा

मुलांनो, दाणा एकाने टाकावा आणि तो कोणी खावा हे दुसऱ्यानेच ठरवावे, हे तुम्हाला न्यायाचे वाटते काय? उत्तराची घाई करू नका. आधी ऐका.

एका वाडीत, एका घराच्या परसात आठ कोंबड्या नांदत असत. त्यांत एक थोरली होती. अंगाने भारदस्त, तुरा लालभडक, चोच तिखट. कण्यांच्या परळाशी पहिली ती जाई. तिचे पोट भरेपर्यंत दुसऱ्या कोणाची मान खाली वळत नसे. घरधनीण मात्र रोज सकाळी परळ भरताना हात जोडून म्हणे, "देवा, सगळ्यांच्या पोटाला पुरो." आणि ते पुरे. सायंकाळी चिमण्यांसाठी चार कण्या उरतही.

एके दिवशी घरधनिणीने तीन तलंगा आणल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. बाई जाणती होती. जुन्यांना नव्यांची सवय व्हावी म्हणून पंधरा दिवस तिने त्यांना बांबूच्या तट्टीआड ठेवले. मग एका सायंकाळी, खुराड्यातल्या दांडीवर सगळ्या पेंगत असता, तिघींना हळूच त्यांच्या शेजारी बसवले. सकाळी सगळ्या एकत्रच बाहेर पडल्या. सात जणींनी नव्या पोरींकडे एकवार पाहिले आणि त्या माती उकरू लागल्या. थोरलीला मात्र ते सोसले नाही.

"कोणाला विचारून परळाला चोच लावता गं?"

"घरधनिणीने आणले आम्हाला, आक्का," तिघींतली काळी नम्रपणे म्हणाली.

"तिने आणले असेल. जेवायला मी बोलावले का?" असे म्हणून थोरलीने तिच्या डोक्यात टोच मारली.

थोरलीची हांजी हांजी करण्यात जिचा जन्म गेला होता, ती कबरी कोंबडी लगेच सरसावली. "बरोबर आहे, आक्काबाई! कालच्या पोरी आणि पंगतीला आधी!" तिने दोन टोचा हाणल्या. मग बाकीच्यांनीही आपापली चोच चालवली.

तीन दिवस तलंगांच्या पोटात परळातली एक कणी गेली नाही. उकिरड्यावरच्या किड्यांवर त्यांनी दिवस काढले. तिघींत पांढरी नाजूक; तिचे पंख लोंबू लागले, तुऱ्याचा रंग उडाला. चौथ्या सकाळी ती म्हणाली, "मी कुंपणाबाहेर जाते. तिथे काहीतरी मिळेल."

"तिथे मुंगूस मिळेल," काळी म्हणाली. "थांब. आज तू जेवशील."

काळीने मार खाल्ला होता, पण डोळे मिटून खाल्ला नव्हता. थोरली एका वेळी एकीच्याच मागे धावते, हे तिने पाहिले होते. थोरलीची पाठ वळताच बाकीच्या टोचायचे विसरून दाणे टिपू लागतात, हेही पाहिले होते. त्यांचा द्वेष उसना होता.

"एकीने मार घ्यायचा, दोघींनी जेवायचे," ती म्हणाली. "आज माझी पाळी."

"उद्या माझी," तिसरी, पिवळ्या पायांची, म्हणाली.

"आणि माझी?" पांढरीने विचारले.

"तुला आधी बळ येऊ दे."

काळी ताठ मानेने गेली आणि थोरलीच्या चोचीखालून तिने एक कणी उचलली. थोरली किंचाळून मागे लागली. केळीच्या आळ्याला वळसा, धुण्याच्या दगडावरून उडी, शेवग्याभोवती दोन फेरे! इकडे पांढरीने परळात मान घातली, ती पोट भरल्यावरच वर काढली.

असे रोज चालले. तलंगांच्या अंगी मांस धरू लागले आणि थोरली वाळू लागली. पहारा करणाऱ्याला जेवायला सवड कुठली?

"आक्काबाई, जरा बसा. धाप लागली तुम्हाला," कबरी म्हणाली.

"बसले तर त्या खातील!"

"त्या तर खातातच आहेत, आक्काबाई."

हे ऐकून थोरलीचा तोल सुटला. तिने काळीला कुंपणाच्या कोपऱ्यात गाठले आणि टोचून टोचून तिचा तुरा रक्तबंबाळ केला. इतक्यात कोणीतरी मध्ये येऊन उभे राहिले. ती पांढरी होती.

"तिला सोड. आज माझी पाळी आहे."

तिच्या शेजारी पिवळ्या पायांची येऊन उभी राहिली. रक्त गळत असतानाच काळीही उठली. तिघींतली एकही पळेना. पळणाऱ्यांचा पाठलाग करणे थोरलीला ठाऊक होते. उभ्या राहिलेल्यांचे काय करावे, हे ठाऊक नव्हते. तिची चोच वरच्या वर थांबली, आणि तेवढ्यात घरधनिणीने तिचे पंख धरून तिला उचलले.

"दाणा देवाचा, परस माझे, आणि दरारा तुझा?" असे म्हणून तिने थोरलीला शेळ्यांच्या रिकाम्या गोठ्यात आठ दिवस एकटे कोंडले. काळीच्या जखमेवर हळद लावली. त्याच दिवशी दहा जणी एका परळाभोवती जेवल्या, आणि कोणालाही काही कमी पडले नाही. आठवडाभरात तिघींना दांडीवर हक्काची जागा मिळाली. काळी आपण घातलेल्या पहिल्या अंड्यापाशी उभी राहून अशी ओरडली, की सारी वाडी जागी झाली.

नवव्या दिवशी थोरली सुटली आणि थेट परळाकडे चालू लागली. कोणी बाजूला सरकले नाही. तिने टोच उगारली, तोच सात माना एकदम वर झाल्या. सर्वांत पुढे कबरी होती.

"मागे उभ्या राहा, आक्का," ती म्हणाली. "आमचे होऊ द्या."

तिघी तलंगांनी तिला टोचले नाही. त्या जेवत राहिल्या. पण आठ दिवसांत मोडलेला दरारा थोरलीला पुन्हा कधी उभा करता आला नाही. त्या दिवसापासून मरेपर्यंत तिने सगळ्यांच्या मागून खाल्ले, आणि वरच्यांची घाण अंगावर झेलत खुराड्याच्या जमिनीवर ती झोपली.

तात्पर्य : जे एकमेकांसाठी मार सोसतात, त्यांना उपाशी ठेवणे कोणालाही साधत नाही; आणि देवाच्या अन्नावर जो पहारा बसवतो, तो शेवटी उष्ट्याचा धनी होतो.