शिवलेला पहारेकरी

पालकसभा तापली होती! शाळेने फाटकावरची जुनी माणसं काढून पहारा आणि बस दोन्ही ठेक्याने दिले होते. ठेकेदार दौलतराव शेळमकर मात्र मिशीला पीळ भरत गरजले, "एकेक माणूस मी स्वतः पारखून घेतो. माशीसुद्धा आत शिरणार नाही!"

शिवणकाम करणाऱ्या उज्ज्वला कवठेकर उठल्या. त्यांची लेक याच शाळेत होती. "मग साहेब, आज फाटकावर असलेल्यांना जरा बोलवा की इथे."

तिघे आले. खाकी कपडे, डोळ्यांवर ओढलेली टोपी, कडक सलाम.

"तिघेही तुमचेच ना?"

"म्हणजे काय! बघताक्षणी कळतं, अस्सल माणसं आहेत."

तिसऱ्याने टोपी काढली. "अहो, हे तर आपले कवठेकर!" कुणीतरी ओरडलं आणि सभेत एकच गलका झाला.

"माझे यजमान," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "सकाळी हे नुसते फाटकावर जाऊन उभे राहिले, तर तुम्हीच यांना पोरांच्या बसची किल्ली सांभाळायला दिलीत."

कवठेकरांनी खिशातली किल्ली टेबलावर ठेवली. शेळमकरांना घाम फुटला. "पण... हे कपडे?"

"काल मीच शिवले. तुम्ही माणूस नाही पारखलात साहेब, माझी शिलाई पारखलीत!"