साळूचं लिंपलेलं गाडगं

फार मागची गोष्ट. तेव्हा रानात ऊन पाण्याचा एकच झरा होता, आणि त्यावर गोडबोल्या कोल्हा बसून असायचा. दोन डोंगर पलीकडे काटेवाली साळू राहायची. तिच्या पिल्लाला ताप आला. त्यावरची मुळी फक्त तिलाच ठाऊक होती, पण ती अर्धा दिवस मंद शिजवावी लागे.

साळूने मुळी गाडग्यात घातली, झाकण चिखलाने लिंपलं आणि गाडगं कोल्ह्यापुढे ठेवलं.

"वहिनी, बघितल्याशिवाय शिजवू कसं?"

"गळ्यापर्यंत पाण्यात ठेवा, भावजी. ऊब आत पोचते. नजर पोचायची गरज नाही."

कोल्ह्याने मुकाट्याने शिजवलं. साळूने लिंपण चहूबाजूंनी तपासलं. तडा नव्हता, तरी तिचा संशय जाईना.

"खुशाल तपासा," कोल्हा अदबीने म्हणाला, "पण आत कच्चं राहिलं असेल तर? पोर तापलेलं, आणि तुम्हाला पुन्हा दोन डोंगर."

साळूने तिथेच झाकण उचललं. औषध उत्तम शिजलं होतं. कोल्ह्याने फक्त नाक पुढे करून एक दीर्घ श्वास घेतला.

पिल्लू बरं झालं. महिन्याने पुन्हा ताप आला, तेव्हा साळू ती मुळी उगवायची त्या डोंगरउतारावर गेली. तिथे नुसते खड्डे होते.

ती झऱ्यावर पोचली, तर कोल्हा म्हणाला, "या वहिनी, औषध तयार आहे. बदल्यात काय आणलंत?"